दाराखालचं प्लास्टर

आप्पा, तुमच्या गाडीच्या दाराखाली तुम्ही भरलेलं प्लास्टर मी गेल्या रविवारी छिन्नीनं काढून टाकलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा पारा काय चढायचा तो चढून उतरेल. गाडी पासिंगला न्यायची होती. नापास झाली असती तर थेट भंगारात. मी काय, रोह्याला कंपनीत एसटीनं गेले असते. पण आईला आता एसटीची पायरी चढवत नाही. खांबला माहेरी जायचं तर तिला हीच गाडी.

बाकी गाडीचं म्हणाल तर बघतच राहाल. तुम्ही दर रविवारी इग्निशनचे पॉइंट पॉलिशपेपरनं घासत बसायचात ना? ते काढून मी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. भर थंडीत पहिल्या चावीला सुरू होते. हेडलाइटला रिले टाकले, वडखळच्या पुढचे खड्डे आता लांबून दिसतात. सगळं आपल्या रामवाडीच्या अंगणात, माझ्या हातानं. कंपनीत आठ तास पंप उघडणाऱ्या बाईला कार्ब्युरेटरचं कसलं आलंय कौतुक!

प्लास्टरचा तो दिवस मात्र मला लख्ख आठवतो. मी नववीत आहे. गणपती होऊन गेलेत, तुमच्या मूर्तींच्या कारखान्यात उरलेलं प्लास्टर डब्यात कालवून तुम्ही गाडीजवळ उकिडवे बसलात. खाडीच्या वाऱ्यानं दाराखालचा पत्रा गंजून भोक पडलंय. मी विचारते, "आप्पा, गॅरेजवाले तर गाडीला लांबीची पुट्टी भरतात ना?" तुम्ही वरसुद्धा बघत नाही. "त्यांना लांबी घोटून असा मूर्तीसारखा गाल काढता येतो काय? मला नको शिकवू गो." मी बोट फिरवायला जाते, तर हातावर फटका. "वाळू दे!" आणि काय रंगवलंत! देवाचे डोळे आखणारा हात तो. जोड कुठे आहे ते आईलाही सापडेना. पुढे जरा तडा दिसला की तुम्ही वर नवा थर द्यायचात.

पण प्लास्टर पाणी पितं, आप्पा. मूर्तीला शेवटी पाण्यातच जायचं असतं, तिचं चालून जातं. गाडीचं नाही चालत. थर निघाले तसा आतला पत्रा पापडासारखा हातात आला. एवढ्या देखण्या कामाच्या पोटात हे! मला तुमचा राग आला, अगदी सणकून आला. तुम्ही गेल्यावर तुमच्या हातचं घरात दुसरं काही उरलेलं नाही, मूर्ती तर सगळ्या गेल्याच. तरी मी थांबले नाही, आणि थांबले नाही तेच बरं केलं. वेल्डिंग मला येत नाही, म्हणून वेल्डर घरी बोलावला. त्यानं नवा पत्रा जोडला, लांबी आणि रंग मी केला. परवा तपासणीच्या साहेबांनी खाली वाकून टोचून बघितलं आणि म्हणाले, "पत्रा मजबूत हाय." पासिंग झालं. आई काल खांबला जाऊन आली.

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. वेल्डर आला तेव्हा अंगणात पडलेल्या प्लास्टरच्या ढेपा बघून पोट धरून हसला. "ताई, हा कुठला गणपतीवाला लावला होता कामाला?" आई ओटीवर तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "आधीच्या मालकानं केलंय ते." गाडी तुम्ही कोरी करकरीत आणली होतीत. आईचे हात सुपात थांबले. त्या एका क्षणी मला तुमची लाज वाटली, आप्पा.