चौकात लंडन, घरात आखात

२ मार्च
आखातात युद्ध. मुलगा सलील तिथेच, इंजिनीअर. म्हणजे युद्धाशी आमच्या घराण्याचा थेट संबंध. युद्ध त्यांचं, पण सायरन आपल्या चॅनेलच्या स्टुडिओत. एक राजधानी जेवणाआधी उद्ध्वस्त झाली, तीच जेवणानंतर पुन्हा. संकल्प: देशी बातम्या बंद. यापुढे फक्त विदेशी पेपर.

३ मार्च
लंडनचा पेपर मोबाइलवर. काय संयम! हल्ला झाला म्हणत नाहीत, झाल्याचा दावा आहे म्हणतात. दोन परिच्छेदांनंतर वर्गणी मागतात. जाणकाराला दोन पुरतात.
पद्मजाने विचारलं, सिलिंडर आलं का. म्हटलं, आल्याचा दावा आहे, स्वतंत्र दुजोरा नाही. माझी बायको असून पत्रकारितेची आवड नाही.

५ मार्च
चौकातला वार्ताफलक ताब्यात घेतला. उमरखेडचे लोक त्यावर नळाच्या वेळा आणि तेरव्या लिहितात. पुसून लंडन लिहिलं. समोरच्या गॅरेजातून अफरोज आला. "काका, हिरासिंगभाऊच्या मायची तेरवी पुसली ना तुमी. लोक जेवाले कुठं जातीन?" स्थानिक दृष्टिकोन. दुर्लक्ष केलं.

६ मार्च, सकाळी
सलीलला रोजच्यासारखं फोनवर त्याच्या शहरातलं युद्ध समजावलं. तो म्हणाला, खिडकीतून बघतोय, खाली लोक शवर्मा खाताहेत. सांगितलं, खिडकी हे एकच सूत्र झालं. वाक्य इतकं जमलं की चौकातही ऐकवलं.
संध्याकाळी
सलीलचा फोन लागत नाही. तिकडचं नेटवर्क कोसळलं. विदेशी पेपर यावर गप्प. सेन्सॉरशिप!

८ मार्च
अजून लागत नाही. पद्मजा मात्र निवांत. बिचारीला परिस्थितीचं गांभीर्य माहीत नाही.
लंडनच्या पेपरात तिथल्या एका भारतीय इंजिनीअरची मुलाखत, नाव न छापण्याच्या अटीवर. सायरनची सवय झाली म्हणतो, घरच्या फोनची होत नाही. पुढे वर्गणी. फोन टॅपिंगचा विषय दिसतो. फलकावर ठळक लिहिलं.

९ मार्च
अफरोजची मुलगी कशफ कॉलेजातून आली होती. तिच्याकडे कॉलेजच्या वर्गणीवर कालचा अख्खा लेख उघडतो. मीच म्हटलं, वाच, चौकाला कळू दे. तिने मराठी करत वाचलं: "मी राहतो त्या शहरात काय चाललंय ते वडील मला गावाहून फोन करून सांगतात. माझी खिडकी हे म्हणे एकच सूत्र. त्यांचा नंबर ब्लॉक केलाय. आईशी रोज बोलतो."
अफरोज म्हणाला, "काका, याले दुजोरा पायजे का?"

१० मार्च
फलकावर नळाची वेळ लिहून आलो. नवा संकल्प: युद्धावर अवाक्षर नाही.
रात्री पद्मजाच्या मोबाइलवर सलील. तिने माझ्या हातात दिला. जेवला का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, आईला द्या.
तिच्या स्पीकरवर ऐकू आलं, "आई, बाबाले काय झालं? बरे आहेत ना?"
पद्मजाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.
"बरे असल्याचा त्यांचा दावा आहे."