पार्वतीने उतरवलेली विमाने

मी, सहदेव लवू तोडणकर, वय ६७, दूरध्वनी केंद्रातून निवृत्त तंत्रज्ञ, राहणार मालवण, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर धीर देतात, तरी लिहिलेले बरे.

१. राहते घर, विहीर आणि परसातले अकरा माड माझी पत्नी पार्वती हिला. मुलगा जितेंद्र याने तिला मुंबईला नेण्याचा आग्रह धरू नये. ती आपणहून निघाली तर गोष्ट वेगळी.

२. बँकेतील ठेव दोघांना समान.

३. संगणक, त्यातले विमान चालवण्याचे सिम्युलेटर, नवी जॉयस्टिक, पायाची पेडले आणि इन्व्हर्टर पार्वतीला. इन्व्हर्टर टीव्हीला जोडू नये. विमान धावपट्टीच्या तोंडाशी असताना वीज गेली की काय होते, ते मी भोगले आहे.

४. चुलतभाऊ बाळा याला स्प्रिंग तुटलेली जुनी जॉयस्टिक. “दादा, ह्या वयात इमान उडयतंस?” असे म्हणून तो चारचौघांत हसला होता. स्वयंचलित यंत्रणा बंद करून त्याने एकदा तरी प्रवासी विमान हाताने उतरवून दाखवावे.

५. मला ते तीन वर्षे जमले नाही. विमान दर वेळी आपटायचे. पार्वती मागे बसून मासे साफ करायची. एकदा न राहवून म्हणाली, “अवो, तुमी जमनीक बघतास म्हणान आपटतास. होडी लावताना खालच्या रेवेक कोण बघता? मागच्या माडांका बघूचा.”

मी धावपट्टीच्या पार टोकाकडे पाहिले आणि विमान अलगद टेकले. मग मी खुर्ची तिला दिली. तिचे वडील आचऱ्याच्या खाडीत माणसांची ने-आण करीत. त्यांना मुलगा नव्हता, त्यामुळे सुकाणू हिच्या हाती असे. ओहोटीच्या ओढीत होडी तिरकी धरावी, तसे ती विमान वाऱ्याकडे तिरके धरून आणते आणि टेकायच्या क्षणी पायाने सरळ करते. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. विमानात ती आजवर बसलेली नाही. तिच्याइतका शांत हात मी दुसरा पाहिला नाही.

६. पुण्याच्या एका हौशी मंडळाने २००७ साली सिम्युलेटरवर विमान उतरवण्याची स्पर्धा घेतली. माहिती पाठवताना नाव माझे घातले, कारण संगणकावर तेच होते. पहिला क्रमांक आला. अभिनंदनाची पत्रे आली, जितेंद्र मुंबईभर ‘आमचे बाबा कॅप्टन’ सांगत सुटला, आणि मी गप्प राहिलो. प्रशस्तिपत्र चौकट करून ओटीवर लावले. त्यावरची धूळ पार्वतीच पुसते. दोन वर्षांत तिने एका शब्दाने विचारले नाही. मला याची लाज वाटते.

जितेंद्रने मंडळाला लिहून नाव बदलून घ्यावे. या कलमाने मी तिला काही देत नाही, तिचे तिला परत करतो.

७. वरील मजकूर आज साक्षीदारांसमोर पार्वतीला वाचून दाखवला. ती म्हणाली, “माझां नाव मागसून घाला. त्या दिवशी वारो आडवो होतो, तां आधी लिवा. सरळ वाऱ्यार कोणय उतरयतलो.”

म्हणून नमूद करतो: वारा आडवा होता, ताशी पंचवीस सागरी मैल. विमान पार्वती सहदेव तोडणकर हिने उतरवले.

सही: सहदेव लवू तोडणकर

आम्हा दोघांदेखत त्यांनी सही केली व त्यांच्यादेखत आम्ही केली:
१. यतीन गंगाराम मेस्त
२. रसिका किरण पराडकर

मालवण, १२ नोव्हेंबर २००९