किन्नरीबेनने न लावलेला रंग

सुरत, मंगळवार

प्रिय जशू,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरी सगळे ठीक आहेत, तुझी भाभी ठणठणीत आहे, आणि मला आज इतकं हलकं वाटतंय की शेठ रागावले तरी हसत ऐकून घेईन. बातमी अशी की मी केसांचा रंग बदलला. काळा होता, तो चिंचोक्याचा केला. नुसता तपकिरी म्हणणार नाही. भाजलेल्या नव्हे, कच्च्या चिंचोक्याचा. रंगाच्या बाबतीत तुझा भाई अर्धवट बोलत नाही, हे तुला माहीत आहे.

सुरुवात झाली ती काकांच्या रंभाच्या मुलीच्या लग्नापासून. तू आली नव्हतीस. पाय दुखतात म्हणालीस. लग्नाआधी तुझी भाभी मला म्हणाली, "मास्तर, बुटाच्या पॉलिशचा हा काळा आता पुरे. वयाला शोभेल असा नरम रंग घ्या, आणि जरा बऱ्या सलूनमध्ये जा." मी म्हटलं, अख्ख्या सुरतचं कापड रंगवून झालं, आता टाळूएवढ्या जागेसाठी दुसऱ्याच्या पाया पडू? सातवीत शाळा सुटली आणि मिलच्या रंगखात्यात बादल्या विसळत मी जे शिकलो, ते कुठल्या सलूनवाल्याला कोणी शिकवलंय? बाजारातून दोन पुड्या आणल्या, माझ्या अंदाजाने कालवल्या, लावल्या. आरशात अव्वल तपकिरी दिसला. गरब्याला दिवे लागले आणि पोरं माझ्या मागे लागली. "मामा, शेतातलं की मंडईतलं?" "मामा, भरीत करायचं की भरलेलं?" मला काही उमजेना. शेवटी भाभीने पदर तोंडाला लावून सांगितलं, डोकं जांभळं झालंय, वांग्यासारखं. मी म्हटलं, तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत दोष आहे.

तरी सलून शोधावं लागलं. पहिल्या ठिकाणी पोरगा एका कानाला फोन लावून माझ्या डोक्यावर हात फिरवत होता, आणि मला चेहरा उजळायचं काहीतरी विकत होता. मी म्हटलं, बाबा रे, चेहरा वडिलांनी दिलाय, राहू दे. दुसऱ्या ठिकाणी काही न विचारता वरून काळा थापला. टाळू अशी पेटली की मीच उठून नळाखाली डोकं धरलं, तर मालक म्हणतो, "काका, पहिल्यांदा होतंच." आणि दोन धुण्यांत वांगं पुन्हा वर आलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तिसरं किन्नरीबेनचं. अडाजणला, आमच्या दवावाल्याच्या वर. तिने आधी बसवलं, पाणी दिलं, आधी काय काय लावलं ते सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मग रंगवलेल्या केसांच्या छोट्या बटा अडकवलेलं एक कडं हातात दिलं. "तुम्ही रंगातले माणूस, तुम्हीच निवडा." मी खिडकीशी नेऊन, उलटसुलट करून, मास्तरच्या रुबाबात एक बट पुढे केली. गडद तपकिरी, म्हटलं. तिने आणखी दोन बटा दाखवून रंग विचारले. मग खुर्ची जवळ ओढून, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "काका, तिन्ही जांभळ्या आहेत. माझ्या बाचंही असंच झालं होतं, तिलाही रंग कळेनात. आज मी तुमच्या डोक्याला हात लावत नाही. आधी डोळे दाखवून या. रंग कुठे पळून जात नाही."

माझा पारा चढला. शेड जुळवण्यात ज्याचं नाव घेतात त्याला ही शिकवणार? मी तरातरा जिना उतरलो, आणि खालच्या पायरीवरच बसलो. कारण जशू, मला आतून माहीत होतं. वर्षभर मी भर दुपारच्या उन्हाशिवाय एकही नमुना जुळवला नव्हता. नेव्ही आला की हाताखालच्यांना विचारायचो, "सांगा बघू, कुठला निळा?" त्यांना वाटायचं मास्तर परीक्षा घेतात. मास्तर उत्तर चोरत होते. आणि डोळ्यासमोर एकच चित्र, बापा ओसरीवर बसलेत आणि तू तोंडासमोर उभी असताना विचारतायत, "कोण आलंय?" काचबिंदूने त्यांचं सगळं जग नेलं. माझंही चाललंय, असं धरून मी गप्प बसलो होतो. डोळे गेले तर मास्तर कसला? माझ्याकडे कागदाचा कपटा नाही, नजरच काय ती माझी पदवी.

शेवटी डोळे दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, दाब मोजला, आतली नस पाहिली. मी देवाचं नाव विसरून तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती म्हणाली, "काचबिंदू नाही. साधा मोतीबिंदू आहे, पिकलाय. त्यामुळे सगळं पिवळट दिसतं, निळा-जांभळा कळत नाही." जशू, जीव भांड्यात पडतो म्हणतात ना, माझा तर भांड्याच्या तळाशी जाऊन वाजला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा भाभी समोर होती. तिची जी साडी मी वर्षभर राखाडी म्हणत होतो, ती मोराच्या मानेसारखी निळी होती. डावा मिटून पाहिलं तर निळी, उजवा मिटून पाहिलं तर चहात बुडवलेली. मी लहान पोरासारखा हा डोळा तो डोळा करत राहिलो. मग आरशात पाहिलं. अगं, खरंच वांगं!

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर किन्नरीबेनकडे गेलो. तिने आधी डोळ्याचं विचारलं, मग कानामागे रंगाचा ठिपका लावून परत पाठवलं, टाळूला सोसतो का बघायला. मी नव्या रंगात कापडाचा तुकडा बुडवून बघितल्याशिवाय अख्खं थान कधी रंगवलं नाही, पण स्वतःच्या डोक्याला ही अक्कल वापरली नव्हती. पुढच्या खेपेला तिने काम केलं. पाणी डोळ्यात जाऊ नये म्हणून कपाळावर घडी धरून उभी राहिली. या वेळी बट मीच निवडली. ती म्हणाली, "आता पास, मास्तर."

आता खरं सांगतो. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहितोय, आणि म्हणूनच अक्षर मोठं काढलंय. सुनेकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच. तिनेच मला सांगितलं की तुझं सुई-दोऱ्याचं मोतीकाम बंद आहे, दिव्याभोवती तुला कडं दिसतं, आणि संध्याकाळी भिंत धरून अंगणात उतरतेस. तिला रागावू नकोस, माझी शपथ. डॉक्टरीणबाईंनी बापांचं ऐकून पहिला प्रश्न विचारला तो हाच, "भावंडं कोण कोण? प्रत्येकाचे डोळे तपासायला हवेत." माझ्यात काचबिंदू निघाला नाही. तुझ्यात असेल किंवा नसेल. असला तरी आज सापडला तर थेंबांनी थोपवता येतो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. बापांना आपण नेलं तेव्हा राखायला काही उरलं नव्हतं. तुझ्याकडे अजून आहे. शुक्रवारच्या गाडीने मी सावरकुंडल्याला येतोय, आणि इथे डॉक्टरीणबाईंकडे सोमवारची वेळ तुझ्या नावाने घेऊन ठेवली आहे. नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हण. मी ऐकणार नाही. कपडे भरून ठेव.

तुझाच,
जेरामभाई