रिकामी दिसणारी डिस्क

आई, तुझ्या क्लासची जुनी हार्ड डिस्क आज मी उघडली. मागच्या सुट्टीत सांगलीचं घर आवरताना बाबांनी ती माझ्या हातात दिली. "बघितलीय मी, रिकामी आहे. टाकून दे," म्हणाले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझी वस्तू टाकायला मन होत नाही. शिवाय तुझा तो करडा आवाज अजून कानात आहे, "रिकामं दिसतंय म्हणून रिकामं समजू नका. आधी लपवलेलं दाखवायला सांगा, मग बोला." आपल्या हॉलमध्ये बँकेतले काका, शाळेतल्या बाई, सगळे तुझ्यापुढे निमूट माउस हलवायचे. फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, हिडनवर टिक, आणि फोल्डर गायब झाला की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. मग तू तो परत आणून दाखवायचीस, फिकट रंगातला. ही माझी आई आहे म्हणून मी कोपऱ्यात बसून फुगायचे.

क्लास सुटला की कॉम्प्युटर माझा. मी पेंटमध्ये बटणं काढायचे. कुत्र्याला बटण, पावसाला बटण, एक तर शेजारच्या आजोबांचं घोरणं बंद करायचं. तुला स्वयंपाकघरातून ओढून आणायचे. तू कणकेचे हात वर धरून बघायचीस आणि म्हणायचीस, "बरं आहे. चल जेवायला." छान असं कधी म्हणाली नाहीस. एकदा मी रडकुंडीला येऊन विचारलं, तर म्हणालीस, "तोंडावर कौतुक केलं की दृष्ट लागते, आईचीसुद्धा." मी चिडून सगळी चित्रं पुसून टाकली. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला नोकरी लागली तेव्हाही फोनवर तुझं "बरं झालं" एवढंच. तिकिटाच्या मशीनवरची बटणं कुठे असावीत, केवढी असावीत, ते मी इथे ठरवते, आई. स्टेशनवर एखादी आजीबाई न अडखळता तिकीट काढते तेव्हा मला फार अभिमान वाटतो. पण तुला माझं काही आवडत होतं का, हे कधी कळलंच नाही.

आज दुपारी डिस्क लॅपटॉपला जोडली. खरंच रिकामी. मग तू शिकवलेलं आठवलं आणि 'आउसगेब्लेंडेटे एलेमेंटे'वर टिक केली. लपवलेल्या फायलींना इथे तसं म्हणतात. एक फिकट फोल्डर समोर आला. आत माझी चित्रं. मी पुसली ती सगळी, तू आधीच कॉपी करून ठेवलेली. आणि फायलींना तू दिलेली नावं: छान १, छान २, फार छान. घोरणं बंद करणाऱ्या बटणाचं नाव, माझी हुशार पोर. मी ढसाढसा रडले, आई, आणि रडताना अशी ताठ बसले होते की तू बघायला हवं होतंस.

शेजारी माझी लेक बसली होती. इथल्या मुलांसारखी तीही आईला 'मामा' म्हणते. "मामा, वारुम? आवडलं होतं तर आजीनं सांगितलं का नाही?" मी दृष्टीचं सांगू लागले, तोवर तिचं बोट पडद्यावर दुसरीकडे गेलं. डेस्कटॉपवर आणखी एक फिकट फोल्डर उगवला होता, तिच्या नावाचा. एक टिक केली की लपवलेलं सगळंच दिसू लागतं, हे तूच शिकवलेलं आणि मीच विसरले. आत तिची किंडरगार्टनपासूनची चित्रं. "आल्झो, म्हणजे तू पण! मला तर नेहमी बरं आहे म्हणतेस," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, माझा कापायचा तसाच. मी तिला जवळ घेतलं आणि तोंडावर म्हटलं, "छान आहेत. फार छान आहेत." ती इतकी हसली की मलाच भीती वाटली.

हे पत्र कुठे पाठवणार म्हणा. पण तुला एक सांगते. दृष्टबिष्ट मी मानत नाही, असं इथे सगळ्यांना सांगते. तरी ती चित्रं बघण्यात गुंगली असताना तिच्या मागून हळूच मीठमोहरी ओवाळली आणि तापल्या तव्यावर टाकली. धुरानं छतावरचा राऊखमेल्डर, म्हणजे धूर झाला की वाजणारा भोंगा, बोंबलायला लागला. लेक धावत आली, "मामा, काय जळलं?"

मी म्हटलं, "काही नाही गं, फोडणी."