चौदा तुकड्यांतला नववा

दि. १८ जानेवारी १९९३

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं मागचं पत्र तपासून सोबत परत पाठवते आहे. अप्पा गेले म्हणून त्यांचा नियम मी मोडणार नाही. मास्तरांच्या पोरांनी पत्र नीट लिहायचं, आणि ज्याला आलं त्याने लाल शाईने तपासून परत धाडायचं. या वेळी सात चुका आहेत. कॉम्प्युटरच्या खोलीत बसायला लागल्यापासून तुझं लिहिणं पार बिघडलंय रे.

आता कामाचं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजतो आहे म्हणाले. कडा शाबूत राहतील, मधलं जाईल. औषध नाही, ऑपरेशन नाही. किती दिवसांत, असं विचारलं तर त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला आणि सांगता येत नाही म्हणाले. सध्या समोरच्या माणसाचे कान झकास दिसतात, नाक मात्र गायब असतं. छापखान्यात खिळे जुळवणारे आमचे जुळारीबुवा, त्यांचं नाक नाही दिसलं तर काही बिघडत नाही. पण बावीस वर्षं प्रुफं तपासून जगलेल्या बाईला अक्षरच दिसेना झालं तर तिने करायचं काय?

छापखान्यात कॉम्प्युटर आलाय. एक जूनपासून प्रुफं पडद्यावरच तपासायची, असं मालकांनी जाहीर केलंय. त्यांना मी डोळ्यांचं अजून बोललेले नाही. डॉक्टर म्हणाले, पडद्यावरचं अक्षर काडेपेटीएवढं करणारे प्रोग्राम असतात, तेवढं मोठं असलं तर आणखी काही वर्षं वाचता येईल. तो कुठे मिळतो ते इथे कोणालाच ठाऊक नाही. तुझ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर जगभरातून पत्रं येतात ना? बघ बाबा काही होतं का. आणि माझी काळजी करू नकोस, मी ठणठणीत आहे.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी ताई

दि. १ फेब्रुवारी १९९३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू ठणठणीत आहेस म्हणतेस, पण तुझ्या लाल खुणा मी दोनदा बघितल्या. सातांपैकी चार खुणा चुकलेल्या शब्दावर नाहीतच, शेजारच्या कोऱ्या जागेत आहेत. मला फसवतेस होय?

लगेच कामाला लागलो. आमच्याकडे पुरतं इंटरनेट नाही, नुसती ईमेल आहे. सकाळी दहाला आणि दुपारी चारला आमचा कॉम्प्युटर फोन लावतो, साठलेली पत्रं देतो, आलेली घेतो, आणि फोन ठेवतो. पण जगात असे काही कॉम्प्युटर आहेत की त्यांना पत्र लिहिलं तर ते आपल्या वतीने शोधाशोध करतात. पत्रात एक शब्द लिहायचा. तो शब्द ज्या ज्या फायलीच्या नावात असेल ती कुठे ठेवली आहे, याची यादी उत्तरात येते. मग दुसऱ्या एका कॉम्प्युटरला पत्र लिहून ती फाईल मागवायची. पलीकडे माणूस कोणी नाही, सगळा यंत्रांचा कारभार.

हे सगळं माहीत असून मी माती खाल्ली. अप्पांचाच मुलगा ना! वर रीतसर नमस्कार घातला, चार ओळी तुझ्या डोळ्यांबद्दल लिहिल्या, मग शोधायचा शब्द, आणि खाली आपल्या उत्तराकडे डोळे लागले आहेत वगैरे. यंत्र प्रत्येक ओळ हुकूम म्हणून वाचतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्यात अकरा वेळा एकच वाक्य: हा हुकूम समजला नाही. तुझ्या डोळ्यांच्या चारही ओळींखाली तेच. यंत्राचा राग काय धरायचा, पण कोणी तोंडात मारावी तसं झालं.

मग नुसता शब्द पाठवला. तर दोनशे नावं आली! यंत्र फायलीचं फक्त नाव बघतं, आत काय आहे त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चित्रं मोठी करणारे, आवाज मोठा करणारे, काय काय आहे त्यात. साहेबांनी ऑफिसचं काम उरकून बघायला परवानगी दिली आहे. एकेक चाळतो आहे. तू मालकांना इतक्यात काही बोलू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

दि. १५ फेब्रुवारी १९९३

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

यंत्राला माझ्या डोळ्यांची कहाणी सांगत बसलास! जुळारीबुवांना सांगितलं तर ते हसून हसून खाली बसले. मीही हसले. मग घरी येऊन रडले, ते तुलाच सांगते आहे.

परवा रसायनशास्त्राच्या पुस्तकात एक ओळ दोनदा छापायला चालली होती. मी त्या पानावर सही केली होती. जुळारीबुवांनी सहज म्हणून पान हातात घेतलं आणि त्यांना ती दिसली. त्यांनी ओळ काढली, कोणाला बोलले नाहीत. बावीस वर्षांत माझ्या सहीखालून अशी चूक गेली नव्हती रे. मला फार भीती वाटते. लवकर काही तरी कर.

तुझं पत्र परत पाठवते आहे. या वेळी खुणा केल्या नाहीत, वेळ झाला नाही.

आठवण ठेव, मीही ठेवते.
तुझी ताई

दि. ९ मार्च १९९३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सापडला! नेमका तोच प्रोग्राम, अक्षर काडेपेटीएवढं करणारा, कोणीतरी फुकट वापरायला ठेवलेला. पण माझा आनंद आठवडाभरच टिकला.

एवढी मोठी फाईल एका पत्रात मावत नाही. म्हणून पाठवणारं यंत्र तिचे तुकडे करून एकेका पत्रात एकेक तुकडा घालतं. आपले चौदा तुकडे झाले. रोज दहा आणि चारच्या ठोक्याला मी फोनपाशी उभा. आधी तिसरा आला, मग पहिला, मग तीन दिवस काहीच नाही, मग एकदम सहा. चौदाही आले. जोडायला घेतले, तर नवव्यापाशी गाडं अडलं. तुकडा खराब आहे एवढंच आमचा कॉम्प्युटर सांगतो, काय खराब ते सांगत नाही. नववा पुन्हा मागवला. तिकडे रांग असते, आठ दिवसांनी आला. तसाच खराब. तिसऱ्यांदा मागवला, तोही तसाच. ताई, मी हात टेकले. ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवलं, कोणालाच कळत नाही. विचारायचं तर कोणाला? यंत्राला विचारलं की ते म्हणतं, हुकूम समजला नाही.

नवव्या तुकड्याचं एक पान छापून सोबत ठेवलं आहे. वाचण्यासारखं त्यात काही नाही, नुसता अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. एवढ्याशा कागदासाठी तुझं सगळं अडलंय आणि मी इथे नुसता बघत बसलोय, हे तुला दिसावं म्हणून पाठवतो.

रागावली असलीस तरी पत्र लिही.
तुझा धाकटा

दि. २४ मार्च १९९३

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रडूबाई कुठला! पान नीट बघितलंस का?

मला त्यातलं एकही अक्षर वाचता आलं नाही. पण वाचायचं नव्हतंच ना काही? मजकुराच्या कडा मला अजून चांगल्या दिसतात. डावी कड सरळ आहे. उजवी कडही सरळ आहे, पण मधेच नऊ ओळी आत गेल्या आहेत, कोणी दोन घरं, कोणी पाच घरं. पट्टी लावून बघितलं, बोट फिरवून बघितलं. बाकी सगळ्या ओळी एका मापाच्या असताना याच नऊ आखूड का? छापखान्यात असं झालं तर मी म्हणेन, ओळीच्या शेवटचे कोरे खिळे गळाले. कोरा खिळा छापला जात नाही म्हणून नवशिका त्याला फालतू समजतो, पण त्याच्याशिवाय ओळ उभी राहत नाही. तुझ्या वाटेवरच्या कुठल्या तरी शहाण्या यंत्राने शेवटची कोरी जागा फुकटची समजून छाटली असेल. ती भरून बघ.

जुळारीबुवा म्हणतात, बाईंना मजकूर दिसत नाही पण चूक दिसते. मला बरं वाटलं ऐकून.

उत्तर लगेच धाड, माझा जीव टांगणीला आहे.
तुझी ताई

दि. ६ एप्रिल १९९३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, तू धन्य आहेस! नऊही ओळींच्या शेवटी कोरी जागा भरली आणि चौदा तुकडे एका दमात जुळले. प्रोग्राम चालू केला तेव्हा पडद्यावर एवढं मोठं अक्षर आलं की साहेब दारातून वाचू लागले. मी खुर्चीवरून उठून दोनदा खोलीभर फिरलो, काय करावं सुचेना.

फ्लॉपी पुठ्ठ्यात बांधून आजच रजिस्टर पोस्टाने टाकली आहे. कशी घालायची ते मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. आता एक जून येऊ दे खुशाल.

पोचल्याचं कळव, तोवर चैन पडणार नाही.
तुझा धाकटा

दि. ३ मे १९९३

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अक्षर जुळारीबुवांचं आहे, बोलणं माझं. तेव्हा यात जे काही चुकेल ते त्यांच्या माथी.

फ्लॉपी वेळेवर पोचली. सगळे जेवायला गेल्यावर आम्ही दोघांनी ती घातली. इंग्रजी अक्षरं खरंच काडेपेटीएवढी झाली. मी एकेक मोठ्याने वाचलं, जुळारीबुवांनी टाळ्या वाजवल्या. मग आपलं पुस्तक उघडलं. आपली अक्षरं आली नाहीत. मोठी नाहीत, लहान नाहीत, नुसता काळा पडदा. कॉम्प्युटर बसवणाऱ्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, हा प्रोग्राम यंत्राच्या स्वतःच्या अक्षरांपुरताच आहे. आपली अक्षरं यंत्र चित्रासारखी काढतं, ती त्याला दिसतच नाहीत. काही करता येणार नाही, म्हणाला. चूक कोणाचीच नाही रे, तुझी तर नाहीच नाही.

मग मी मालकांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांना ठाऊक होतं. चार महिने माझं प्रत्येक प्रुफ माझ्यामागून जुळारीबुवा वाचत होते. मालकांनी विचारलं तेव्हा त्यांना खोटं बोलवलं नाही. हे लिहिताना त्यांचा हात थांबलाय, पण मी लिहाच म्हटलंय. एकतीस मे माझा शेवटचा दिवस. मालक चांगलं बोलले. चांगलं बोलले म्हणूनच जास्त लागलं.

तुझी पत्रं आता मला दुसऱ्याने वाचून दाखवावी लागतात. तेव्हा खासगी काही लिहू नकोस. लाल शाईची बाटली जुळारीबुवांना देऊन टाकली.

तू लिहीत राहा, मी ऐकत राहीन.
तुझी ताई

दि. १७ मे १९९३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकिटावर जाड अक्षरांत लिहिलं आहे, मी येईपर्यंत उघडू नये. तुला दिसलं नाही तर जुळारीबुवा सांगतील. त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांनी जे केलं ते मला इथे बसून करता आलं नाही.

तुझं पत्र आल्यावर मी पुन्हा त्या शोधणाऱ्या यंत्राला लिहिलं, आपल्या अक्षरांसाठी काही आहे का म्हणून. उत्तर आलं, असं काही सापडलं नाही. मग प्रोग्राम करणाऱ्या माणसाचा पत्ता फायलीच्या तळाशी होता, त्याला लिहिलं. त्या पत्रात मात्र वर नमस्कार घातला, तुझ्या डोळ्यांचं सगळं लिहिलं, नववा तुकडा तू कसा पकडलास तेही. चार दिवसांनी उत्तर आलं. इतक्या महिन्यांत आलेलं हे पहिलं माणसाचं उत्तर, ताई.

आपली अक्षरं मोठी करणं त्याला जमणार नाही. त्याने क्षमा मागितली आहे. प्रोग्राम त्याने आईसाठी केला होता, तिलाही हाच आजार. तिने तो आठ महिने वापरला, आता तेवढंही दिसत नाही. त्याने लिहिलं आहे, ‘त्या आठांतले सहा महिने मी दार लावून प्रोग्राम सुधारत बसलो होतो.’ पुढे त्याबद्दल काही नाही.

हे वाचून मी साहेबांकडे गेलो आणि रजा मागितली. एकतीस तारखेला तुझं काम सुटेल तेव्हा मी छापखान्याच्या दाराशी असेन. मला काही करता आलं नाही, आणि रिकाम्या हाताने येतो आहे. येताना तू तपासून परत धाडलेली माझी सगळी जुनी पत्रं आणतो, मोठ्याने वाचू. हेही तेव्हाच वाचून दाखवीन, चुका तू ऐकून सांग.

त्या माणसाने एक युक्ती मात्र लिहिली आहे, त्याच्या आईची. ती कोणाच्या चेहऱ्याकडे सरळ बघत नसे, कानाकडे बघायची. मग चेहरा कडेला येई आणि तिला दिसे. हे वाचून झालं की तू माझ्या कानाकडे बघ. मी हलणार नाही, तुला नाक दिसेपर्यंत तसाच उभा राहीन.

बाकीचा लोभ समक्ष.
तुझा धाकटा