बाकांची राजधानी

२ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असलेली बरी. पुढे मुलाखती घेणारे तारखा विचारतात.

नगरपालिकेने आपला सगळा डेटा लोकांना खुला केला आहे. झाडं, दिवे, नळ, बाक, सगळ्यांच्या याद्या इंटरनेटवर. त्या वापरून लोकांच्या उपयोगाचं ॲप बनवायची स्पर्धा. पहिल्या नंबराला पेपरात फोटो. वाचून अंगावर काटा आला. मी विमा कंपनीच्या दावे विभागात आयुष्य काढलं, याद्या कशा वाचायच्या हे मला कोणी शिकवायला नको.

लेकही भाग घेते आहे, मैत्रिणीबरोबर. मला काही विचारलं नाही. लहानपणी चंद्र आपल्या मागे का येतो इथपासून सगळं मलाच विचारायची. हल्ली फोनला विचारते. मी जिंकलो की परत मला विचारेल. स्पर्धेत उतरायचं खरं कारण हेच. बाहेर सांगताना लोकसेवा सांगायचं.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी
विषय मिळाला. सासरे आमच्याकडेच असतात. गुडघे धरलेले. त्यांची कुरकुर चालू होती की कोपऱ्यावरचा बाक कोणीतरी उचलून नेला, चार बोल्ट तेवढे उरलेत, आता फिरायला गेलं तर मध्ये टेकायचं कुठे. जावईबापू बरोबर आले तर त्यांच्या खांद्याला धरून जाईन, म्हणाले. उद्यापासून नक्की जायचं.

पण मी प्रश्नाकडे व्यापक दृष्टीने पाहतो. शहरातल्या तमाम म्हाताऱ्यांना जवळचा बाक दाखवणारं ॲप. नाव 'जरा टेका'. नावातच निम्मी लढाई जिंकली.

५ फेब्रुवारी
कोडिंग शिकायला घेतलं. पहिल्या धड्यात कॉम्प्युटरने आपल्याला 'हॅलो' म्हणायचं असतं. नाही म्हणाला. चार वेळा प्रयत्न केला. लॅपटॉप जुना आहे.

फिरायला जाणं जमलं नाही. उद्या.

९ फेब्रुवारी
कोडिंग सोडलं. ॲप बनवून देणारं ॲप सापडलं. घर बांधणारा मालक स्वतः विटा वाहत नाही.

दिवसभर लोगो काढला. बाकाचं चित्र. हिला ते टेबल वाटलं. सासऱ्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि घोडा छान आलाय म्हणाले. या घरात कलेची जाण नाही.

ॲपला आवाज माझाच दिला. "आपण पोहोचलात. जरा टेका." अकरा वेळा रेकॉर्ड केलं. शेवटच्या वेळी भारदस्तपणा आणि माया यांचा मेळ बरोबर बसला.

१३ फेब्रुवारी, ऑफिसात
एका गृहस्थांचा दावा परत पाठवला. भिंत पडली म्हणतात. कागद होते, सह्या होत्या, शिक्के होते. प्रत्यक्ष पाहणी नव्हती. विभागात नवीन लागलेल्या मुलीला समजावलं की कागद काहीही बोलतात, जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय आपण कशालाही मंजुरी देत नसतो. ती लिहून घेत होती. मला शिकवायला आवडतं.

१७ फेब्रुवारी
बाकांची यादी ॲपमध्ये चढवली. सगळ्या शहरावर तुरळक ठिपके, आमच्या बाजूला तर एकही नाही, आणि दुसऱ्या टोकाला, जुन्या पाण्याच्या टाकीच्या मागे, एकाच जागी चारशेच्या वर बाक. चारशे. नकाशावर त्या बागेला साधं नावही नाही. म्हणजे शहराला पत्ताच नसलेली बाग मी घरबसल्या शोधली. एवढे बाक म्हणजे झाडी दाट असणार. कारंजं असेल. बहुतेक बदकंही.

मी नाव ठेवलं, बाकांची राजधानी.

सासऱ्यांना म्हटलं, तुम्ही एका बाकासाठी रडता, तिकडे चारशे आहेत. ते म्हणाले, मग त्यातला माझा कुठला. म्हाताऱ्या माणसांना आकडे कळत नाहीत.

ही म्हणाली, एकदा जाऊन बघून या, थेट बस जाते. मी म्हटलं, डेटा आहे ना. ती भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

२० फेब्रुवारी
ताजी यादी आली. राजधानीत आणखी नऊ बाक वाढले. नगरपालिका झपाट्याने काम करते आहे, उगाच नावं ठेवतात लोक. भाषणात बदकांचा उल्लेख टाकला.

फिरायला जाणं राहिलं. भाषणामुळे.

२४ फेब्रुवारी
महत्त्वाचा दिवस. लेक माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. माझ्या स्क्रीनवरचा तो मोठा ठिपका बघत होती. मग म्हणाली, "बाबा, तू तिथे जाऊन आलास का?"

वर्षभरात तिने मला विचारलेला पहिला प्रश्न. ऊर भरून आला. अशा वेळी नाही म्हणून कसं चालेल?

"म्हणजे काय. मस्त जागा आहे," मी म्हटलं.

ती आणखी काहीतरी बोलणार होती. मग "बरं" म्हणून गेली. भारावली असावी.

१ मार्च
अंतिम फेरीत पोहोचलो. पाच संघ, त्यात लेकीचाही. तिला सांत्वनाचं काय बक्षीस घ्यावं याचा विचार करून ठेवला.

नियम असा की परीक्षकांना जागेवर नेऊन ॲपचा उपयोग दाखवायचा. मी कुठे नेणार हे सांगायलाच नको. आरशासमोर आभाराच्या भाषणाची तालीम. हिचं नाव दोनदा घेतलं आहे. बाथरूम अडवून धरल्याबद्दल बोलणी खाल्ली, आता एकदाच घेईन.

११ मार्च, सकाळी
कोटाला इस्त्री. खिशात नवी कार्डं, नावाखाली 'संस्थापक'. सासरे माझे पहिले वापरकर्ते. उजाडल्यापासून टोपी, मफलर आणि नवे बूट घालून दाराशी बसलेत. हिला म्हणाले, शेवटी जावईबापू मला फिरायला नेताहेत. मलाही भरून आलं.

रात्री फोटो चिकटवायला पुढचं पान कोरं ठेवलं आहे.

११ मार्च, संध्याकाळी
लिहायची इच्छा नाही. नोंद म्हणून लिहितो.

बाग नाही. पत्र्याचं कुंपण, लोखंडी फाटक, वर पाटी 'नगरपालिका भांडार'. फाटकासमोर ॲप माझ्या आवाजात म्हणालं, आपण पोहोचलात. जरा टेका.

आत बाकांचे ढीग. एकावर एक, पाय वर करून. मोडलेला बाक दुरुस्तीला आणला की यादीत त्याला भांडाराचा पत्ता लागतो, असं परीक्षकांमधल्या नगरपालिकेच्या साहेबांनी घसा साफ करत सांगितलं. दुरुस्ती कधी होते, असं परीक्षक प्राध्यापकबाईंनी विचारलं. साहेबांनी पुन्हा घसा साफ केला. बदकांचा भाग मी वगळला.

वॉचमन मला बाजूला घेऊन म्हणाला की गेल्या महिन्यात एक मुलगी दोनदा येऊन गेली, एकेका बाकाचा नंबर उतरवून, फोटो काढून. तुमच्या घरातली का, नाक तुमच्यासारखंच होतं. हो म्हटलं.

सासरे कोणाला न विचारता ढिगात शिरले होते. एका बाकाच्या पाठीवर हात ठेवून उभे. काठी टेकवून टेकवून त्याची एक कड झिजली होती. "हा माझा," म्हणाले, आणि मफलरने डोळे पुसले. म्हटलं तर बाक शोधून देणारं ॲप यशस्वी झालं. परीक्षकांना तसं वाटलं नसावं.

१२ मार्च
लेक पहिली आली.

तिचं ॲप असं. रस्त्यात कुठे नुसते बोल्ट उरलेले दिसले की फोटो टाकायचा. भांडारातला कुठला बाक तिथला, ते ॲप बाकाच्या नंबरावरून जुन्या यादीत शोधतं आणि तो परत मागायचा अर्ज आपोआप नगरपालिकेला जातो. पहिला अर्ज तिने आजोबांच्या कोपऱ्यासाठी केला आहे.

मी पाचवा. ऑफिसात 'पहिल्या पाचांत आलो' असं सांगितलं. नवीन मुलीने संघ किती होते ते विचारलं. मी फाईल शोधायला गेलो.

रात्री ही म्हणाली, "त्या दिवशी ती तुम्हाला बरोबर घ्यायलाच आली होती. बाबाला याद्या कळतात, आम्ही मिळून करू, असं मला सांगून आली होती. आणि तुम्ही तिला म्हणालात, मस्त जागा आहे."

मग ही झोपली. मी कोऱ्या ठेवलेल्या पानाकडे बघत बसलो. वाईट वाटलं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं. लेक घरात नेहमीसारखी वावरते, हसते. मला काही विचारत नाही.

३० मार्च
कोपऱ्यावर बाक परत बसवला. हिरवा रंग, झिजलेली कड तशीच. संध्याकाळी सगळे बघायला गेलो. सासरे माझ्या खांद्याला धरून चालले. वाटेत मी ॲपबद्दल एक शब्द काढला नाही. दोन शब्द काढले असतील.

बाक तिघांपुरता. सासरे बसले, ही बसली, लेक बसली. मी समोर उभा, हात मागे बांधून, उद्घाटनाला बोलावल्यासारखा.

लेकीने वर बघितलं. "बाबा, तू कुठे बसणार?"

मला विचारलं. या खेपेला थाप मारायची नाही, खात्रीची माहिती द्यायची, असं ठरवून मी फोन काढला आणि ॲप उघडलं. तिघंही वाट बघत होते. सर्वांत जवळचा मोकळा बाक नगरपालिका भांडारात, चालत दोन तास, असं ते माझ्याच आवाजात, भारदस्तपणे आणि मायेने म्हणालं. जरा टेका.