बेटावर रुसायची सोय नाही

बुधवार, ११ मार्च

भोंगाबाईंना मास्तरणीचा सप्रेम नमस्कार.

आम्ही तिघं सुखरूप पोहोचलो. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या कुंड्यांना पाणी घालतेस ना? बेताने घाल, तुझा हात फार सढळ. फोन करता आला असता, पण फोन मुलाचा आणि तो समोरच उभा राहतो. शिवाय तू फोनवर अशी ओरडतेस की अख्ख्या बेटाला ऐकू गेलं असतं. म्हणून रिसेप्शनवरून कागद मागून घेतला. आपल्याकडचं एक जोडपं सकाळच्या बोटीने परत निघालं आहे, ते तिकडे पोहोचल्यावर हे पत्र कुरियर करतील म्हणाले.

प्रवासाचं काय सांगू! मोठ्या विमानात मी झोपूनच होते. नंतरचं विमान मात्र खेळण्यातलं, पाण्यावर उतरणारं. त्यात बसायच्या आधी माणसाला सामानासकट काट्यावर उभं करतात. त्या मुलीने माझं वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं! मी म्हटलं, "बाई, त्यात पर्सही आहे." पायलट अनवाणी. मी सुनेच्या कानात म्हटलं, "याच्या चपला घरी राहिल्या की काय?" तर ती हसता हसता लोळायची राहिली. विमान पाण्याला टेकलं तेव्हा मी तिचं मनगट असं धरलं की तिच्या घड्याळाचा छाप माझ्या हातावर उठला. पुढे बोट. बोट कसली, परात आपटत न्यावी तशी नेतात. पोटात काही राहिलं नाही, एवढंच लिहिते.

खोली पाण्यात खांबांवर उभी आहे. जमिनीत काच बसवली आहे आणि तिच्याखालून मासे फिरतात. लोक त्याचे पैसे मोजतात म्हणे. मी तिच्यावर टॉवेल टाकून ठेवला.

उतरल्याबरोबर मी विचारलं, परतीची बोट कधी? सवय गं. तर कळलं, ज्यांचं त्या दिवशी विमान आहे त्यांनाच बोटीत घेतात. मनात आलं आणि निघालो, असं इथे चालत नाही.

जेवण चांगलं आहे. फळं भरपूर. गाद्या इतक्या मऊ की कूस बदलताना धरायला काही मिळत नाही. समुद्राचा रंग, तू नेसतेस ना ती निळी साडी, नवी असताना होती तसा. हे मी काहीबाही लिहीत बसले आहे. जे लिहायचंय त्याच्याभोवती फिरते आहे. असो, लिहितेच आता.

काल चहाच्या वेळी मुलाने खुर्ची जवळ ओढली. खुर्ची ओढली की मी समजते.

"आई, घराचं बोलायचं होतं."

"काय झालं घराला?"

"बिल्डर आलाय. चांगला भाव देतोय. तू आमच्याकडे ये आता. एकटी किती दिवस राहणार?"

"आणि माझी मशीन?"

"मशीन कशाला हवी? आमच्याकडे तुला काहीसुद्धा करावं लागणार नाही."

काहीसुद्धा करावं लागणार नाही! निम्म्या गावाचे शाळेचे गणवेश मी शिवले, पोरींना शिवण शिकवलं, आणि आता त्या खोलीत हातावर हात ठेवून बसू? त्याच्या फ्लॅटमधली ती खोली तू पाहिली आहेस. कपाट उघडलं की पलंगाला अडतं आणि खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. तिथे माझा जीव गुदमरेल. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तर म्हणाला, "सवय होते गं."

मग मी काय केलं असेन हे तुला सांगायला नको. उठले, चपला अडकवल्या आणि निघाले. हे होते तेव्हा यांच्याशी भांडून तुझ्याकडे, नंतर मुलगा घरी आला की त्याच्याशी भांडून तुझ्याकडे. तू काही विचारत नाहीस, पातेल्यात कपभर पाणी वाढवतेस. दिवेलागणीला मुलगा येऊन म्हणतो, "चल आता, राहू दे तो विषय." आणि विषय राहतो. असे कितीतरी विषय मी तुझ्या स्वयंपाकघरात नुसतं बसून जिंकले आहेत!

काल तशीच तरातरा निघाले. वाळूची वाट, कडेला झाडं, अंगात राग, त्यामुळे दमही लागला नाही. बरीच लांब आले असं वाटलं आणि मान वर केली तर समोर आमचीच खोली, मागच्या बाजूने. बेटाला वळसा घालून मी घरच्या घरी आले होते! मुलगा तिथेच, त्याच खुर्चीत. त्याचा चहासुद्धा संपला नव्हता. "आलीस?" म्हणाला. हसला नाही, हे त्याचं नशीब.

मी तशीच धक्क्यावर गेले. तिथल्या बाईला म्हटलं, मला आजच जायचंय. ती बिचारी गोड बोलली, पण तिकिटं मुलाच्या नावावर, विमानात जागा नाही, बोट उद्या. मी धक्क्याच्या टोकाला जाऊन बसले. चारी बाजूंना पाणी. खरं सांगते, इतकी घाबरले नव्हते कधी. यांच्या आजारपणातही नाही.

सून शोधत आली. मनाने मऊ आहे ती, तुला माहीत आहे. शेजारी बसली आणि रडायलाच लागली.

"आई, तुम्ही उठून जाल म्हणूनच इथे आणलं."

"एवढं डोकं माझ्या मुलाला नाही. कुणी सुचवलं?"

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "शेजारच्या मावशींनी."

मी म्हटलं, कोण मावशी? आपल्या शेजारी एकच मावशी आहे हे मला माहीत नसल्यासारखं.

मग सगळं बाहेर आलं. तू तुझं घर द्यायचं ठरवलंस. लेकीकडे चाललीस. पण मधली भिंत एकच, म्हणून बिल्डरला दोन्ही घरं हवीत, एकट्या तुझ्या घराला तो हात लावत नाही. आणि तू माझ्या मुलाला म्हणालीस, "घरी विषय काढू नका. ती माझ्याकडे येऊन बसेल, आणि तिच्या तोंडाकडे बघून मला माझं सांगता येणार नाही."

मला आधी संताप आला. पत्र लिहायला घेतलं ते तुला शिव्या द्यायलाच, वरचं सगळं त्याची तयारी होती. मग आठवलं, हल्ली तू जिना उतरताना आधी कठडा शोधतेस, मग पाय. लेक बोलावते तर जावंसं वाटणारच. पण भोंगे, गल्लीच्या टोकाला कुणी शिंकलं तरी तू मला ओरडून सांगतेस, आणि एवढी गोष्ट तेवढी हळू आवाजात माझ्या मुलाच्या कानात सांगितलीस? मला फार लागलं आहे. सगळ्यांशी भांडून मी तुझ्याकडे येत होते. तुझ्याशी भांडायचं तर मी कुठे जाऊ?

मुलाने आज सकाळी पुन्हा खुर्ची ओढली. मी हो म्हटलं नाही. इथून म्हणणारही नाही. तो मागतोय तोवर माझं उत्तर ‘नाही’च आहे. तू मागितलंस तर मला नाही म्हणता येणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच तू माझ्याकडे न मागता त्याच्याकरवी मागितलंस. ते चालायचं नाही. रविवारी आम्ही पोहोचू. फाटकाशी उभी राहा, माझ्याकडे बघ, आणि तुझ्या तोंडाने माग.

अजून तरी तुझी शेजारीण,
मास्तरीण